प्रवासाचे कारण

हर्णै बंदरात, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझी खोली. होडीचं नाव, तांडेलाचं नाव,
खलाशी किती, डिझेल किती, परत कधी.
एकोणीस वर्षं हेच लिहिते आहे.
अक्षर बिघडलंय. माणसं कळायला लागलीत.

मुरारी खडपे दर सोमवारी येतो.
माझ्याकडे नाही, पलीकडे, सागरी चौकीत
अंगठा द्यायला. कळंब्याला सात वर्षं काढून आला.
काय केलं होतं ते सगळ्या पाजपंढरीला ठाऊक आहे
आणि मी ते लिहिणार नाही.
ते त्या मुलीचं आहे, माझ्या वहीचं नाही.

त्याला मी चहा विचारत नाही.
माझीही मुलगी आहे.

भिंतीवर नवा हुकूम चिकटवलाय, खळ अजून ओली:
यादीतल्या इसमाने तालुक्याची हद्द ओलांडण्यापूर्वी
एकवीस दिवस अगोदर अर्ज द्यावा. तीन प्रती.
कुठे, कोणाकडे, किती रात्री, कारण.

मला कुणी सांगेल का
दापोली तालुका पाण्यात कुठे संपतो?
सुवर्णदुर्गाच्या मागे? दीपस्तंभाचा उजेड पुसट होतो तिथे?
बांगडा गुहागरकडे वळला
तर जाळं कुणाच्या सहीने ओढायचं?

अर्ज तो माझ्याकडून लिहून घ्यायला आला,
कारण चौकीतला पोरगा हसतो.
मुक्कामाचे ठिकाण : पाणी.
कोणाकडे : हमीद तांडेलाची होडी.
किती रात्री : मासळी सांगेल.
प्रवासाचे कारण :
बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला,
मग म्हणाला, लिहा, पोट.

अर्ज परत आला. लाल शाईत : मार्ग स्पष्ट करावा.
दुसऱ्यात कारण बदलून मासे लिहिलं. तोही परत.
तिसऱ्याला उत्तरच नाही.
हमीदने चार दिवस वाट पाहिली,
मग गुहागरचा एक पोरगा घेऊन गेला.

तेव्हापासून मुरारी जेटीवरच.
दुसऱ्यांची फाटकी जाळी सांधतो.
सकाळी दगडावर, दुपारी ताडपत्रीखाली,
लिलावाची ओरड सुरू झाली की पुन्हा दगडावर.
गावाने तोंड कुठेही फिरवावं, तो असतोच.
आम्हीच त्याला खुंट्याला बांधून ठेवलाय.

गौरींना ती आली.
चिपळूणला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.
एसटीतून उतरून घराकडे जायचं तर जेटीवरूनच,
दुसरी वाट नाही. माझ्या खोलीत शिरली,
पाण्याचा ग्लास हातात तसाच राहिला.
खिडकीतून तो दिसत होता, पाठमोरा,
सुतळी दातात धरून.

"मावशी, हा दर्यावर का नाही जात?"
मी हुकूम दाखवला.
तिने वाचला. दोनदा.
"हे माझ्यासाठी केलंय?"

मी डिझेलचे आकडे बघत बसले.

"मला विचारलं कुणी?
मी माफ केलेलं नाही. करायचीही नाही.
पण होडीवर असता, तर दहा दहा दिवस
हा तिकडे पाण्यात, आणि मी माझ्या दारात मोकळी.
त्याला कोंडलंत, बरं.
मला पण त्याच जेटीवर का कोंडलंत?"

ग्लास ठेवला आणि मागच्या दाराने गेली,
बर्फाच्या लाद्यांवरून पाय जपत, बॅग छातीशी.

रात्री चौथा अर्ज मी लिहिला. त्याला न सांगता.
कुणासाठी, ते विचारू नका, माझं मला सांगता येत नाही.
मार्ग : हर्णैहून पश्चिमेला, कुणाचंही अंगण लागत नाही तिथवर.
परत : होडी येईल तेव्हा.

कारणाच्या रकान्यात पेन अडलं.
पोट लिहून झालं होतं. मासे लिहून झाले होते.
एकवीस दिवसांत ती चिपळूणला पोचलेली असणार, पण
शिमग्याला ती पुन्हा येईल
आणि एसटीपासून घरापर्यंतचा रस्ता तिला रिकामा हवा आहे,
एवढं त्या रकान्यात मावत नाही.

मी बारीक करून बसवलं.
वाचता येईल का, माहीत नाही.